अडलेला माणूस दिसावा म्हणून: खताच्या गोडाऊनची प्रशिक्षण-खोली

पहिली बॅच आम्ही मंगल कार्यालयात घेतली. लग्नसराई संपली होती आणि हॉल जवळजवळ फुकट मिळत होता. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. वीस प्रशिक्षणार्थी, पाच दिवस. विषय घरगुती वायरिंग आणि शेतीपंपाच्या स्टार्टरची दुरुस्ती. पंगतीची लांब टेबलं ओळीनं मांडली. समोर वधूवरांच्या स्टेजवर मी आणि चाळीस वर्षं पंप दुरुस्त करणारे एक मिस्त्री.

दुसऱ्या दिवशी सोपं काम दिलं होतं: एका बोर्डावर एक दिवा, एक स्विच, एक सॉकेट. शेवटच्या टेबलावर पन्नाशी ओलांडलेले एक तात्या होते. पाणीयोजनेच्या पंपावर काम करायचे. स्टेजवरून दोनदा विचारलं, "तात्या, जमतंय का?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "चाललंय की." हात हलत होते, पक्कड उचलली-ठेवली जात होती. चाळीस मिनिटांनी पाणी प्यायला मागं गेलो तेव्हा त्यांचा बोर्ड पाहिला. वायरचं टोक जेमतेम दोन मिलिमीटर सोललेलं होतं, त्यामुळं टर्मिनलच्या स्क्रूखाली तांब्याऐवजी लाल प्लास्टिकच दाबलं गेलं होतं. दिवा लागेना म्हणून त्यांनी तोच स्क्रू पुन्हा पुन्हा खोलून आवळला होता. पितळी स्क्रूची खाच पार झिजून गुळगुळीत झाली होती. चष्मा घरी राहिला होता. जवळचं दिसत नव्हतं, आणि पुतण्याच्या वयाच्या पोरांसमोर ते बोलून दाखवायचं नव्हतं.

त्या चाळीस मिनिटांचा दोष मी तात्यांना देत नाही. खोलीचा होता, आणि ती खोली तशी मांडणाऱ्या माझा. स्टेजवरून मला वीस डोकी दिसत होती, हात एकाचेही दिसत नव्हते. हातानं करायच्या प्रशिक्षणात अडलेला माणूस क्वचितच हात वर करतो. तो कामात असल्यासारखं दाखवत राहतो. तेव्हा पुढची खोली मांडताना एकच कसोटी धरली: कुणी अडला तर तो मला दिसला पाहिजे आणि दहा सेकंदांत मी त्याच्यापाशी पोचलो पाहिजे. बाकीचे सगळे निर्णय या कसोटीवर घासून घ्यायचे.

जागा मिळाली ती विकास सोसायटीचं जुनं खताचं गोडाऊन. आतून चाळीस फूट लांब, बावीस फूट रुंद. पुढच्या अरुंद बाजूला शटर, वर पत्रा, लांब भिंतींना उंचावर जाळीचे झरोके, खाली शहाबादी फरशी. सोसायटीच्या अध्यक्षांची एकच अट होती, "वर्षातनं एकदा वार्षिक सभा हितंच हुईल. तेवढं सामान हलवता आलं पायजे." ही अट मी मान्य केली नाही. त्यावर आमच्या तीन बैठका झाल्या. बहुउद्देशीय हॉलची कथा गावोगावी पाहिलेली आहे. सभेसाठी एकदा हलवलेली टेबलं परत जागेवर येतात तेव्हा दोन मोडलेली असतात, आणि पुढच्या खेपेला कुणी मांडतच नाही. शेवटी सभा शाळेच्या व्हरांड्यात घ्यायचं ठरलं आणि आमचे बोर्ड फरशीत अँकर बोल्टनं पक्के केले. मुद्दामच पक्के केले.

खताच्या गोडाऊनचा एक गुण आम्हाला फार उशिरा कळला. वर्षानुवर्षं युरिया, पोटॅश, अमोनियम सल्फेटची पोती भिंतीला टेकून राहिल्यानं गिलावा क्षार पिऊन बसलेला असतो. भिंतीला लोणा लागलेला दिसत होताच, पण रंग दिला की झाकेल असं वाटलं. पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर टांगलेल्या पक्कडीच्या बिजागऱ्या गंजून अडकल्या आणि तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवट थर आला. कारण साधं आहे. हे क्षार हवेतली ओल ओढून धरतात आणि लोखंडाला खातात. चार फूट उंचीपर्यंतचा गिलावा खरवडून काढला, भिंत अनेकदा धुतली, नवा गिलावा केला. तरी दरवर्षी थोडा लोणा वर येतोच. त्यामुळं आता भिंतीवर धातूची एकही वस्तू टांगत नाही. हत्यारं, पॅनेल, बोर्ड सगळं भिंतीपासून सहा इंच सुटं आहे. कुणाला जुनं खताचं गोडाऊन फुकट मिळत असेल तर घ्यावं, पण गिलाव्याचा खर्च आधी धरून.

आता मांडणी. माझा पहिला नकाशा कुणीही काढील तसाच होता. वायरिंग भिंतीवर होतं, तेव्हा दोन्ही लांब भिंतींवर प्लायवूडचे बोर्ड ठोकायचे आणि मी मध्ये उभं राहायचं. खडूनं फरशीवर आखून, दहा पोरांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं तेव्हा लक्षात आलं की मला दहा पाठी दिसताहेत. स्टेजवरून डोकी, इथून पाठी. हात तिथंही झाकलेले, इथंही झाकलेले.

उपाय सुताराच्या तोंडून आला. तो म्हणाला, "बोर्ड भिंतीतनं बाहेर काढा की, गव्हाणीतल्या आडव्या फळीगत." म्हणजे बोर्ड भिंतीवर सपाट न ठोकता भिंतीला काटकोनात उभे करायचे. काम करणारा माणूस मग खोलीच्या मधल्या पट्ट्याला बाजूनं दिसतो. त्याचा चेहरा, हात आणि बोर्ड तिन्ही एका नजरेत येतात. आम्ही लोखंडी अँगलच्या चौकटीवर आठ बाय चारचं प्लायवूड उभं लावलं, दोन्ही अंगांना. एका भिंतीला असे तीन, शटरपासून बारा, बावीस आणि बत्तीस फुटांवर. दोन्ही भिंती मिळून सहा चौकटी आणि बारा अंगं. वीस जणांच्या दहा जोड्यांना दहा पुरतात. उरलेल्या दोनांपैकी एक मिस्त्रींच्या प्रात्यक्षिकाला आणि एक बिघाडाच्या बोर्डाला, ज्याच्याबद्दल पुढं सांगतो. दोन चौकटींमधल्या दहा फुटांच्या जागेला पोरं 'गाळा' म्हणायला लागली. बाजारातल्या गाळ्यासारखाच दिसतो, म्हणून तेच नाव राहिलं.

या मांडणीतही एका जागी उभं राहून सगळं दिसत नाही, हे सांगायला हवं. चौकटी आठ फूट उंच आहेत, त्यामुळं पलीकडचा गाळा झाकला जातो. पाहायचं तर मधल्या तेरा फुटी पट्ट्यातून फिरावंच लागतं. आधी हे उणं वाटलं. चौकटी खाली कापून पाच फुटी करायच्या का, यावर चर्चाही झाली, पण मग होल्डर सात फुटांवर बसवायचा सराव कुठं करायचा? चौकटी तशाच ठेवल्या आणि प्रशिक्षकाची खुर्ची खोलीतून काढून टाकली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-सोळा पावलं होतात. दोन फेऱ्या मारल्या की कोण कुठं अडलाय ते समजतं. पाय दुखतात, त्याला इलाज नाही.

विजेच्या जोडणीत आम्ही एक मोठी चूक केली आणि ती महागात पडली. सगळ्या खोलीला मिळून ३० मिलिॲम्पिअरची एकच आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून सप्लाय तोडणारा स्विच, लावली होती. सुरक्षेच्या हिशेबानं ठीक होतं. गळती झाली की सप्लाय तुटतो. पण एका जोडीच्या बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांत गेलं की सगळी खोली अंधारात जायची. लगेच चारी बाजूंनी आवाज, "कुणी केलं रं?" मग हशा. बचत गटातून आलेल्या एका ताईंच्या हातून असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी बोर्ड पूर्ण जोडला, मिस्त्रींना तपासायला दिला, पण स्विच दाबायला काही केल्या तयार होईनात. "तुम्हीच लावा दादा." आता प्रत्येक चौकटीला स्वतंत्र आरसीसीबी आहे आणि प्रत्येक अंगाला स्वतंत्र सहा ॲम्पिअरची एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की पडणारा स्विच. चूक झाली तर तेवढीच चौकट बंद पडते, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. सहा आरसीसीबींचा खर्च बघून सोसायटीच्या सचिवांनी कपाळाला हात लावला होता. एकूण खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा पॅनेलमध्ये गेला. माझ्या मते या खोलीतला सर्वांत चांगला खर्च तोच.

आरसीसीबी आहे म्हणजे काळजी मिटली असंही नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर तिला ती गळती वाटतच नाही. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच राहतो, आणि ती गप्प बसते. म्हणून पहिले दोन दिवस २४ व्होल्टवर काम चालतं. ट्रान्सफॉर्मर, २४ व्होल्टचे दिवे, बाकी स्विच-सॉकेट नेहमीचेच. २३० व्होल्ट तिसऱ्या दिवशी, आणि तेही आधी सिरीज दिव्यातून, म्हणजे सप्लायच्या वाटेत एक बल्ब जोडून. गावाकडच्या प्रत्येक वायरमनकडं शंभरच्या बल्बचा सिरीज बोर्ड असतो. जोडणीत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो, फ्यूज उडत नाही, ठिणगी नाही, धडकी नाही. मिस्त्रींच्या मते मल्टिमीटरपेक्षा हा बल्ब जास्त शिकवतो, कारण तो दुरून दिसतो. आमच्या कसोटीला तो चपखल बसला. गाळ्यात सिरीजचा बल्ब पूर्ण उजेडानं पेटला की मधल्या पट्ट्यातून मला कळतं, इथं शॉर्ट आहे.

मुख्य पॅनेलमध्ये एमसीबीच्या पुढं काँटॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकानं ओढला जाणारा स्विच, आहे आणि खोलीत तीन ठिकाणी लाल छत्रीचं बंद-बटण. हा काँटॅक्टर मुद्दाम घेतला. आमच्याकडं वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नाही. वीज गेली की पोरं बोर्ड उघडून बसतात, चहाला जातात, आणि अचानक सप्लाय आला तर उघड्या तारा जिवंत होतात. काँटॅक्टरची कॉइल वीज गेल्यावर सुटते आणि कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत परत ओढली जात नाही. शेतीपंपाच्या डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या, स्टार्टरमध्ये हेच होतं. रात्री वीज आली की पंप आपोआप चालू व्हावा म्हणून शेतकरी 'ऑटो' बसवतो आणि हीच सुरक्षा काढून टाकतो. पॅनेलला पत्र्याच्या झाकणाऐवजी पारदर्शक ॲक्रिलिक लावलंय. स्टार्टरचा धडा सुरू करायच्या आधी मिस्त्री सगळ्यांना पॅनेलपुढं उभं करतात, मेन पाडतात, आणि काँटॅक्टर 'खट्' करून सुटताना दाखवतात. फळ्यावर आकृती काढून जे अर्ध्या तासात समजत नव्हतं ते एका 'खट्'मध्ये समजतं.

मधल्या पट्ट्यात काय ठेवायचं यावर मात्र माझा आणि मिस्त्रींचा खटका उडाला. मला टेबलं हवी होती. उंचीचा हिशेबही केला होता. उभ्यानं करायच्या हलक्या कामाला टेबल कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असावं. आमच्याकडं साडेपाच फुटांची पोरंही होती आणि पाच फुटांच्या ताईही, तेव्हा दोन टेबलं ३६ इंची, दोन ३२ इंची केली. बुटक्यांसाठी पायाखाली पाट द्यायचा प्रयोगही करून पाहिला. दोन दिवसांत तिघंजण पाटाला अडखळले, पाट घरी गेले. टेबलाच्या वर रबरी मॅट आणि कडेला अर्धा इंच उंच लाकडी पट्टी, म्हणजे स्क्रू घरंगळत नाहीत. स्टार्टर खोलताना निघालेले स्क्रू ओळीनं ठेवायला इडलीपात्राच्या प्लेटा ठेवल्या. पहिल्या खळग्यात पहिला निघालेला, दुसऱ्यात दुसरा. परत जोडताना उलट क्रमानं यायचं. ही युक्ती एका ताईंची, आणि ती आता मिस्त्रींच्या दुकानातही पोचली आहे.

पण सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायची, मोटर खोलायचा दिवस आला तेव्हा मिस्त्रींनी ती सरळ जमिनीवर आडवी टाकली, बारदान अंथरलं आणि उकिडवे बसले. मी म्हणालो, "मिस्त्री, टेबल कशाला केलंय मग?" ते म्हणाले, "विहिरीवर टेबल न्यायचं का?" यावर मला बोलायला जागा नव्हती. ही पोरं उद्या काम करणार ती बांधावर, विहिरीच्या कठड्यापाशी, जनित्राच्या उजेडात. चारातली दोन टेबलं काढली आणि तिथं फरशीवर जाड रबरी मॅट टाकून जमिनीवरच्या कामाची जागा केली. आदर्श खोलीचं माझ्या डोक्यातलं चित्र शहरातल्या कुठल्यातरी लॅबचं होतं, हे तेव्हा कळलं.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो काम करत करत शिकण्याच्या विचारावर, आणि त्या शिकण्यात गावाची खरी कामंही घेतली. आम्ही तिथलाच धडा थोडा उशिरा गिरवतोय. पाचव्या दिवशी आता गावातल्या लोकांनी आणून दिलेले बंद स्टार्टर दुरुस्त करायला देतो. त्यासाठी शटरपाशी एक उघडं रॅक आहे. दुरुस्तीला आलेली वस्तू सगळ्यांना दिसली पाहिजे.

समजावून सांगायचं कुठं, हा प्रश्न तसा किरकोळ वाटला होता. एक ४३ इंची टीव्ही घेतला आणि शेवटच्या भिंतीवर लावला. पडद्याची उंची साधारण ५३ सेंटिमीटर. बारीक अक्षर वाचायचं असेल तर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसू नये असा ढोबळ नियम आहे, म्हणजे साडेदहा फूट. चाळीस फुटी खोलीत मागच्यांना टर्मिनलचे आकडे दिसणं शक्यच नव्हतं. मग प्रात्यक्षिकाच्या टेबलावर तिरका आरसा लावला, स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकात लावतात तसा. वीज गेली तरी चालतो म्हणून मी फार खूश होतो. दुपारपर्यंत निम्मी पोरं स्क्रू उलटा फिरवत होती, कारण आरशात उजवी फेर डावी दिसते. तो आरसा आता हात धुवायच्या बेसिनवर आहे. शेवटी टीव्ही मधल्या टेबलाशेजारी आणला, प्रशिक्षकाच्या हातांवर रोखलेला मोबाइल त्याला जोडला, आणि सगळ्यांना जवळ बोलवायला लागलो. पुढचे दहा स्टुलांवर, मागचे दहा उभे. सात फुटांच्या पलीकडं कुणी नाही. हे बोलणं वीस मिनिटांच्या वर नेत नाही. उभ्या माणसाचे पायच घड्याळ दाखवतात.

उजेडाबद्दल थोडक्यात. लक्स हे उजेड मोजायचं एकक. साध्या बेंचकामाला ३०० लक्स चालतो, बारीक कामाला ५०० च्या वर हवा. झरोक्यातून येणारा उजेड चौकटीच्या एका अंगाला डावीकडून पडतो आणि दुसऱ्या अंगाला उजवीकडून. उजव्या हाताच्या माणसाची सावली दुसऱ्या अंगावर नेमकी टर्मिनलवर पडायची. मंद उजेडात निळी आणि काळी वायर एकसारखी दिसते, आणि आपल्याकडच्या रूढ पद्धतीत निळी तीन फेजांपैकी एक आणि काळी न्यूट्रल. म्हणून प्रत्येक अंगावर स्वतंत्र पांढरी एलईडी पट्टी लावली. शिवाय सामानाच्या रॅकवर एका डब्यात +१.५ आणि +२ नंबरचे तयार चष्मे ठेवलेत. कुणाला विचारावं लागत नाही, उचलायचा आणि घालायचा. दर बॅचमध्ये चार-पाच उचलले जातात, आणि दर वेळी एखादा घरीही जातो.

काही गोष्टी नकाशात कुठंच नव्हत्या. लोक शटरबाहेर चपला काढून अनवाणी आत यायचे. खोली झाडलेली, पॅनेलवर उदबत्ती लावलेली, खंडेनवमीला हत्यारांची पूजा झालेली. पायातलं बाहेर काढणं हा त्यांचा रिवाज, आणि आम्हाला तर रबरी तळव्याचं काहीतरी पायात हवं होतं. नुसतं सांगून भागलं नाही. मग आतच एक रॅक ठेवलं, फक्त खोलीत वापरायच्या रबरी चपलांचं. देवळाबाहेरच्या चपला बाहेर, कामाच्या चपला आत. हे सगळ्यांना पटलं. ताईंच्या बाबतीत बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवायला डब्या दिल्या. मंगळसूत्र काढा असं म्हणणं शक्य नव्हतं आणि गरजही नव्हती. ते ब्लाउजच्या आत घ्यायचं आणि पदर कमरेला खोचायचा. हे मी सांगितलं असतं तर अवघड झालं असतं. दुसऱ्या बॅचमधल्या एका ताई आता मदतनीस म्हणून येतात, पहिल्या सकाळी त्याच सांगतात.

पत्र्याचं काही जमलेलं नाही. उन्हाळ्याआधी पत्र्याला वरून चुना मारतो, त्यानं ताव थोडा कमी होतो. थर्माकोलची खोटी छत स्वस्तात होत होती, पण ठिणग्यांच्या खोलीत थर्माकोल नको म्हणून नाकारली. जोराचा पाऊस आला की बोलणं थांबतं, इशारे चालतात. ड्रिलचं काम तेवढं शटरबाहेरच्या पडवीत नेलंय.

आता बिघाडाचा बोर्ड. शटरजवळच्या चौकटीच्या बाहेरच्या अंगावर मिस्त्री रोज सकाळी एक बिघाड करून ठेवतात. सुटलेला न्यूट्रल, जळालेली कॉइल, उलट बसवलेला पुश-बटणाचा ब्लॉक. येता-जाता ज्याला वाटेल त्यानं शोधायचा, नाव लिहायचं नाही, बक्षीस नाही. मागच्या बॅचला त्यांनी टर्मिनलच्या स्क्रूखाली वायरचं प्लास्टिक दाबून ठेवलं. त्या दिवशी तात्या त्यांच्या पंपाचा स्टार्टर घेऊन आले होते. खिशातून स्वतःचा चष्मा काढला, टेस्टर लावून पाहिला, एक स्क्रू सैल केला, वायर ओढून बघितली आणि काही न बोलता तशीच परत आवळून ठेवली. माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरांना शोधू दे."

पुढच्या बॅचच्या आधी दोन कामं राहिलीत. बायकांसाठी स्वच्छतागृह अजून सोसायटीच्या ऑफिसातलंच वापरावं लागतं आणि त्याची किल्ली सचिवांकडं असते. आणि तिसऱ्या गाळ्यातल्या भिंतीला पुन्हा लोणा आलाय.